पारंपरिक गणवेश

मालवणातल्या त्या रिसॉर्टमध्ये पाहुण्यांना ओवाळणाऱ्या बायकांचा गणवेश ठरलेला होता. नऊवारी, कपाळभर कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या आणि मंगळसूत्र. पाहुण्यांना अस्सल कोकण दिसलं पाहिजे, असं मॅनेजर म्हणायचा. ड्युटी संपली की सगळं उतरवून खोक्यात ठेवायचं.

शेवंती साडी बदलून, मंगळसूत्र हातात धरून आरशासमोर तशीच बसून राहिली. नवी लागलेली सलोनी घाईला आली.

"काकी, बेगीन चल, एसटी चुकतली. खोटा तर आसा तां, टाक खोक्यात."

शेवंतीने कुंकू पुसलं. मग एकेक बांगडी उतरवली.

"घोव दर्यात बुडालो तेव्हा ह्या सगळा एकदाच काढलंय, बाय," ती म्हणाली. "हय रोज सांजचा काढूचा लागता."