विकीचा पाय

विम्याचे साहेब यायच्या आधी तुळशीदास मुकादमाने खोलीतल्या सगळ्यांची नाती पुन्हा एकदा घोकून घेतली.

"हा कोण?" खाटेवरच्या अंबादासकडे बोट दाखवून त्याने विचारलं.

"विकी. माझा भाऊ," राधा म्हणाली. खरं तर तो तिचा नवरा होता.

"आणि ही?"

"सपना. त्याची बायको."

सपना अंबादासची सख्खी बहीण. दोन घरांनी एकमेकांत मुली दिल्या होत्या. राधाचा भाऊ विकी हा सपनाचा नवरा. तो खरा विकी धडधाकट पायांवर दाराशी उभा होता आणि आज त्याला अंबादास व्हायचं होतं. तिऱ्हाइताला हसू आलं असतं. राधाला येत नव्हतं.

मरोळच्या टॉवरवर उंचीवर चढायचा पास विकीकडे होता. अंबादासचं बीपी जास्त निघालं, म्हणून डॉक्टरने त्याला खालच्या कामाचाच पास दिला होता, रेती वाहायचा. विकी तापाने फणफणला तेव्हा त्याची जागा दुसऱ्या कुणी पटकावू नये म्हणून अंबादास त्याचा पास गळ्यात अडकवून वर चढला. अशी बदली साइटवर सर्रास चालते. हेल्मेटखाली सगळी तोंडं सारखीच, आणि मुकादमाला काम झाल्याशी मतलब. परांचीची फळी कुणी बांधलीच नव्हती; तो फळीसकट खाली आला. इस्पितळात गळ्यातला पास पाहून नाव लिहिलं गेलं आणि पाय कापला गेला तो विकीचा.

"खरं सांगितलं तर?" राधाने तेव्हाच विचारलं होतं.

"तर अंबादास वर गेलाच नव्हता," तुळशीदास म्हणाला होता. "वरचा पासच नाय, मग पडला कुठून? एक रुपाया मिळणार नाय, ताई. उलट मलाच आत टाकतील."

त्याला काळजी होती ती शेवटच्या वाक्याची, हे राधाला कळत होतं. पण नकली पाय फुकट बसत नाही, हेही कळत होतं.

विम्याचे साहेब आले. तरुण होते, वाकोल्याच्या गल्ल्यांत खोली शोधता शोधता घामाघूम झाले होते. त्यांनी मोबाइलमधला आधारचा फोटो पाहिला, मग अंबादासचा चेहरा.

"फोटोत बराच तरुण दिसतोय."

"पाय गेल्यावर माणूस म्हातारा होतो, साहेब," तुळशीदास म्हणाला.

साहेबांना पटलं की उकाड्याने ते कंटाळले होते, कुणास ठाऊक. त्यांनी जखम दाखवायला सांगितली. चिकटलेली पट्टी सोडवताना अंबादास कळवळला आणि सपनाच्या तोंडून निघून गेलं, "दादा!"

साहेबांनी मान वर केली.

"काय गं?" दारातून विकीने ओ दिली. सपनाचा दादा आता तोच होता ना!

"पाणी आण," सपना कशीबशी म्हणाली. ज्याच्याबरोबर संसार केला त्याच्याकडे तिला बघवेना.

"मिसेस कोण? एक फोटो लागेल."

राधा सवयीने पुढे सरकली. तुळशीदास खाकरला. ती जागच्या जागी थांबली आणि सपना खाली मान घालून भावाच्या उशाशी जाऊन बसली.

"जरा जवळ. खांद्यावर हात ठेवा."

सपनाने हात ठेवला. अंबादासने डोळे गच्च मिटून घेतले. फोटोत ते दुखण्यासारखं दिसलं, म्हणून साहेबांनी तोच ठेवला.

राधाला ओरडावंसं वाटलं. हा माझा माणूस आहे, रात्री उठून नसलेला पाय खाजवतो तेव्हा मी जवळ असते. पण विकीने आणलेला पाण्याचा तांब्या तिने साहेबांपुढे धरला.

"केस क्लियर आहे," साहेब पाणी पिऊन म्हणाले. "भरपाई विकीच्या खात्यात येईल."

तुळशीदासने एवढा मोठा सुस्कारा सोडला की सगळ्यांना ऐकू गेला. राधाही भिंतीला टेकली.

"आणि हो, कायमचं अपंगत्व आहे, म्हणजे याचा पास आजपासून बंद. नाव सिस्टीममध्ये गेलं की कुठल्याच साइटवर घेत नाहीत. रिस्क असते ना." जाता जाता त्यांनी दारातल्या विकीचा हात हातात घेतला. "तुम्ही मेव्हणे, अंबादास ना? घरात कमावणारे आता तुम्हीच. सांभाळा सगळ्यांना."

तुळशीदास साहेबांच्या मागोमाग गल्लीत गेला. सपना भावाच्या उशाशी बसली होती ती चटका बसल्यासारखी उठली आणि मोरीत जाऊन उगाचच हात धुवायला लागली.

विकी अजून दारातच होता. साहेबांनी सोडलेला हात तसाच पुढे.

"ताई, माझा पासच गेला गं," तो म्हणाला. "पैसे दाजींच्या पायाला लागतील, त्याचं काही नाही. पण उद्या कामावर जाऊ कुणाच्या नावावर?"

खाटेवर अंबादासने उशीखाली हात घातला. चाचपून चाचपून त्याने स्वतःचा पास काढला, खालच्या कामाचा, रेती वाहायचा, आणि मेव्हण्यापुढे धरला.

"माझ्या नावावर जा," तो म्हणाला. "अंबादासला काय झालंय? ठणठणीत आहे तो."