खालच्या ओळी

“थांबलीस का? वाच की पुढे,” बाबा उशीत तोंड खुपसूनच म्हणाले.

डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना दिवसभर पालथं पडून राहायचं होतं. मान जरा वर झाली की लेक डोळे वटारायची. ते त्यांना दिसायचे नाहीत, म्हणून मग ओरडायची. मुळातच काळजीखोर. त्यात आई झाल्यापासून तर घरात कोणी शिंकलं तरी ती थर्मामीटर शोधायची. परवा डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, दृष्टी परत येईल अशी फार आशा धरू नका. खोलीत येऊन ती म्हणाली, “बाबा, डॉक्टर एकदम खूश आहेत.” बाबा “बरं” म्हणाले. विषय तिथेच मिटला.

त्यांचा वेळ जावा म्हणून तिनेच ती जुनी मालिका शोधून काढली होती. लंगड्या इन्स्पेक्टरची. भाषा परकी, अर्थ खालच्या ओळींत. लहानपणी त्या ओळी तिच्या डोळ्यांना सापडेपर्यंत पळून जायच्या, म्हणून बाबा वाचून दाखवायचे. चोराला नाकातला आवाज, इन्स्पेक्टरला घोगरा. छापखान्यात मुद्रितं तपासणारा माणूस. एक काना इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही. आई हात पुसत दारात यायची, उभ्या उभ्या खुनी कोण ते सांगून टाकायची आणि पुन्हा आत जायची. तिचं नेहमी बरोबर निघायचं. बाबा मग भाग संपेपर्यंत फुगून बसायचे.

शेवटच्या भागाला मात्र दार रिकामं होतं. आई दवाखान्यात होती, आणि कोणी लेकीला धड काही सांगत नव्हतं. योग असा, की पडद्यावर इन्स्पेक्टरची बायकोही दवाखान्यातच. हिरव्या कपड्यातला डॉक्टर बाहेर आला, काहीतरी बोलला.

“धोका टळला. घरी नेऊ शकता,” बाबांनी वाचलं.

इन्स्पेक्टर बाकावर बसला आणि ढसाढसा रडू लागला. हा रडतो का, असं तिने विचारलं, तर बाबा म्हणाले, आनंदाने गं. त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. पुढे आई खरंच घरी आली, आणि नातीला मांडीवर खेळवून मगच गेली. त्या शेवटानेच आईला परत आणलं, असं लेकीला आत कुठेतरी अजूनही वाटायचं.

आज तोच शेवट. तोच हिरवा डॉक्टर, तेच बाक. खाली ओळ उमटली: ‘आम्ही त्यांना वाचवू शकलो नाही.’

तिने चित्र मागे नेलं. पुन्हा पाहिलं. ओळ तीच.

“अगं, वाच ना,” बाबा पुन्हा म्हणाले. तिच्या मांडीवर बाबांची पाच वर्षांची बडबडी नात बसली होती. आज्जीची लाडकी. तिनेही आईची हनुवटी धरून विचारलं, डॉक्टर काय म्हणाला?

“धोका टळला,” लेक घोगऱ्या आवाजात म्हणाली, “घरी नेऊ शकता.”

“मग तो रडतो का?”

“आनंदाने गं,” उशीतून उत्तर आलं.

ती बाबांच्या पाठीकडे बघत राहिली. बाबांनी हात मागे करून चाचपडत तिचं मनगट शोधलं.

“छान वाचलंस. अगदी माझ्यासारखं,” ते म्हणाले. मग अगदी हळू, “परवाचं डॉक्टरांचं बोलणंही मला असंच वाचून दाखवलंस ना?”