मागची सीट

मी इथे इंग्लंडात सेकंडहँड टर्बो गाडी घेतली तेव्हा माझा मित्र राजीव म्हणाला, "शश्या, आधी मागची सीट काढून टाक. वजन उतरलं की बघ कशी पळते."

"काढा की," माझी बायको सुनीती म्हणाली. "आपल्याकडे कोण आहे मागे बसायला?" लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि असलं ती मुद्दाम माझ्या मित्रांसमोर बोलायची.

रविवारी आम्ही सीट काढली, बेल्टही काढले. मागे नुसता उघडा पत्रा राहिला.

सोमवारी हॉस्पिटलला ड्यूटीवर निघताना सवयीने "गणपती बाप्पा मोरया" म्हणून चावी फिरवली, तर मागे बेल्ट लागल्यासारखं खट् वाजलं. मग ते रोजच वाजू लागलं. राजीवने सगळा पत्रा ठोकून पाहिला, पण काही सापडलं नाही. सुनीतीला मी बोललो नाही. आणखी एक टोमणा कोण ऐकणार?

शनिवारी आम्ही दोघं साउथहॅम्प्टनला निघालो. आपापले बेल्ट लावले. मी मोरया म्हटलं, चावी फिरवली आणि कान टवकारले. काहीच वाजलं नाही. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

तेवढ्यात सुनीतीने मागे वळून पाहिलं. बारा वर्षांत कधी न ऐकलेल्या मऊ आवाजात म्हणाली, "रोज सांगावं लागतं का रे तुला? लाव बघू बेल्ट."

मागे खट् वाजलं.