बायांची गाडी

हिंगोलीच्या बसस्टँडासमोर पांढरी जीप उभी होती. संभाजीनगरला होणाऱ्या बैठकीसाठी तिथल्या एका संस्थेनं पाठवलेली. पुढच्या काचेवर कागद डकवला होता : ‘फक्त महिला सरपंचांसाठी.’

शिवकन्या काळीपिवळीतून उतरली, पदर सावरत जीपपाशी आली आणि जागीच थबकली. आत सगळे पुरुष. खिडकीशी तिचा नवरा, मारोतराव. पहाटे ‘रानात जातो’ म्हणून निघालेला.

“तू काहून आलीस?”

“बैठक माझी हाय ना.”

“कागदावर सही केलीस की काल. झालं तुझं काम. आज सोमवार, उपास तुझा. उन्हाची कुठं तकलीफ घेतीस?”

“पोरींच्या एसटीचं बोलायचंय. सातवीनंतर घरी बसून राहिल्यात सगळ्या.”

“मी बोलतो ना.”

“मागच्या बारीलाबी तुमीच बोलणार होता.”

“तवा जेवणाची घंटा झाली,” मारोतराव म्हणाला. मागं कुणीतरी खिदळलं.

ड्रायव्हर साजीद मोबाइलमध्ये बघून नावं पुकारू लागला.

“दीपाताई?”

“हजर!” एकानं मिशीवरून बोट फिरवलं.

“रूपाताई?”

“आले गं बाई!” दुसऱ्यानं आवाज बारीक केला. जीप हसून हसून हलली. साजीद तेवढा हसला नाही. त्यानं पानात बांधलेला पुडा काढला. “संस्थेच्या मॅडमनी ताईलोकांसाठी गजरे पाठवलेत,” तो चाचरत म्हणाला.

त्याचं बोलणं संपायच्या आत पुडा मागं ओढला गेला. मोगऱ्याचे गजरे एकेका मनगटावर चढले. नाकाशी धरून कुणी डोळे मिटले, कुणी ‘आय हाय’ केलं. मारोतरावानं दोन घेतले. एक बांधला. मग खिडकीतून मान काढून तो पचकन थुंकला. तांबडी पिंक शिवकन्याच्या पायाशी पडली, एक शिंतोडा त्याच्या हातातल्या दुसऱ्या गजऱ्यावर उडाला. त्यानं तो पँटीला पुसला आणि गजरा तिच्यापुढं धरला.

“घे, माळ. आन् जा घरी.”

सकाळी महादेवाला बेल वाहून ती निघाली होती. पोटात पाण्याच्या घोटाखेरीज काही नव्हतं. तिनं पदर नाकाला लावला.

“ताई, मी पुढं जागा करतो,” साजीद हळूच म्हणाला. “गाडी तुमचीच हाय.”

“नको, भाऊ. बायांची गाडी भरली. निघा तुमी.”

ती वळली. मागून मारोतरावानं दोनदा हाक मारली. तिनं मागं बघितलं नाही.

स्टँडात संभाजीनगरची एसटी लागली होती. ती आत चढली. ‘महिलांसाठी’ असं वर लिहिलेल्या सीटवर एक जण आडवा पसरला होता, तोंडावर रुमाल टाकून. मागच्या दोन-तीन सीटा रिकाम्याच होत्या.

“मागं बसा की, ताई,” कंडक्टर म्हणाला.

शिवकन्यानं जन्मात कुणावर आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. तिनं फक्त त्या माणसाच्या तोंडावरचा रुमाल चिमटीत धरून उचलला.

“उठा.”

तो डोळे चोळत बघत राहिला. “मागं लई जागा हाय ना, बाई!”

“हाय ना. तिथं तुमी बसा.”