ख्यालीखुशाली

"सीमेवर आपला एकही जवान मारला गेलेला नाही," असं मंत्र्यांनी टीव्हीवर छातीठोकपणे सांगितलं आणि मेलेल्यांच्या घरी निरोप घेऊन जाणाऱ्या सुभेदाराचा निरोपच बदलला. टोपी काढून मान खाली घालायची नाही; हसून सांगायचं, "पोरगा ठणठणीत आहे. सुट्टी तेवढी मिळत नाहीये."

एखादी आई हात धरून विचारायची, "खरं ना, दादा?"

"आई, वर्दीतला माणूस खोटं बोलेल का?" हुकूम म्हणजे हुकूम.

आज संध्याकाळी तो घरी पोचला, तर उंबऱ्याबाहेर कुणाचे तरी फौजी बूट. बायको हसतच दाराशी आली.


"अहो, तुमच्याच खात्यातून माणूस आलाय! आपला धाकटा सीमेवर ठणठणीत आहे म्हणे. सुट्टी तेवढी मिळत नाहीये."