शाबासकी

तो शब्द तोंडातून काढण्याआधी बिरू खालचा ओठ किंचित आत घ्यायचा आणि समोरच्या चेहऱ्यांवरून एक नजर फिरवायचा. नजर फार वेळ टिकायची नाही. हसायला सगळे तयार आहेत एवढी खात्री पटली की शब्द यायचा. साडेतीन वर्षांच्या जिभेवर तो बोबडा व्हायचा, पण ओळखू यायचा.

रविवार होता. भवानी पेठेतल्या घरात भारतचे तीन मित्र मटणाच्या जेवणाला आले होते. त्याची बायको विजयमाला भाकऱ्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भारतने मुलाला मांडीवर ओढलं.

"बिरू, आईला काय म्हणायचं? म्हण की."

बिरूने ओठ आत घेतला, सगळ्यांकडे बघितलं आणि आईला तो शब्द म्हटला. बाईच्या अब्रूवरचा, गल्लीत भांडणं पेटली की ऐकू येणारा. पंगत हसली. अक्कलकोटचा चनमल्लप्पा ठसका लागेपर्यंत हसला आणि 'पुन्हा म्हण' म्हणाला. बिरूने पुन्हा म्हटला. भारतने आपल्या ताटातली नळी उचलून त्याच्या हातात दिली. विजयमालाची सासू, मायाक्का, भिंतीला टेकून बसली होती. लेकराचं तोंड देवाचं असतंय, त्याला काय कळतंय, असं तिने पाहुण्यांना सांगितलं.

विजयमाला भाकरी वाढून आत गेली. मीठ कमी पडलं तरी भारत तिला हाच शब्द ऐकवायचा. तेव्हा कोणी हसत नसे. तिने बिरूला समजावून पाहिलं होतं. अंघोळ घालताना सांगितलं होतं, की हा शब्द आईला लागतो. कुठं लागतो, म्हणून त्याने तिच्या कोपराला, गुडघ्याला हात लावून बघितलं. काही दिसलं नाही. मग सगळे हसतात का, असं त्याने विचारलं. ती रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती. तिने त्याच्या डोक्यावर पुढचा तांब्या ओतला.

अकलूजच्या एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली होती. राहायला खोलीही मिळणार होती. दिवाळीपासून ती डेअरीला 'कळवते' एवढंच कळवत होती. पगार घरात सगळ्यांनाच हवा होता. अट मायाक्काची होती. "जा की. पोरगी घिऊन जा. नातू हितंच ऱ्हाईल," ती म्हणाली होती, आणि भारतने मान हलवली होती. बिरूला सोडून जाणं विजयमालाच्याने होईना. त्याला नेते, असं म्हणणंही होईना.

थोरली राजनंदिनी, चौथीतली, रस्स्याचं पातेलं घेऊन बाहेर निघाली. उंबऱ्याला पाय अडखळला. उकळता रस्सा पावलावर सांडला आणि तिच्या तोंडून तोच शब्द निघाला. कोणाला म्हणून नाही, नुसता कळ आली म्हणून.

पंगतीतले हात थांबले. भारत उष्ट्या हाताने उठला आणि त्याच हाताने तिच्या गालावर चापट मारली.

"पोरीच्या जातीनं हे बोलायचं? कुठनं शिकलीस? सांग, कुठनं शिकलीस हे?"

राजनंदिनीने एकदा भावाकडे बघितलं, एकदा बापाकडे. चनमल्लप्पा आपल्या ताटात बघत राहिला.

"शाळेत शिकली आसंल," मायाक्का म्हणाली. "आई एवढी शिकल्याली, आन् पोरीला वळण न्हाय."

विजयमालाने मुलीला मोरीत नेलं आणि पावलावर गार पाणी ओतत राहिली. पाऊल लाल झालं होतं, फोड अजून आला नव्हता. गालावर तर्रीचा डाग होता. मुलगी पायाबद्दल काही बोलेना. बिरूला पप्पांनी नळी दिली, एवढंच ती हुंदके देत म्हणाली.

बाहेर जेवणं पुन्हा सुरू झाली. कोणीतरी कांदा मागितला.

बिरू आत आला. हातात नळी, हनुवटीवर तेल. ताई रडत होती. आईच्या डोळ्यांतही पाणी होतं. तो आईच्या अगदी जवळ गेला, मोकळ्या हाताने तिचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि तो शब्द तिला हळूच म्हटला.

आणि वाट बघत उभा राहिला.

ती हसली नाही. त्याने पुन्हा म्हटला, जरा मोठ्याने, जरा लाडाने. तरी ती हसली नाही, तेव्हा त्याने नळी तिच्यापुढे धरली.

विजयमालाने पदराने त्याची हनुवटी पुसली. त्याला कडेवर घेतलं, राजनंदिनीला दंडाला धरून सावरलं आणि ती बाहेर पंगतीसमोर येऊन उभी राहिली. भारत भाकरी मोडत होता.

"अहो, उद्या मी अकलूजला चालले," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता.

भारतने मान वर केली नाही. मायाक्काने विचारलं, "पोरीला घिऊन?"

"दोघांना, आत्या. याला आधी."