बुडबुडे दिसले नाहीत

आजचा ग्लास टळला तर सरांच्या पदरात एकवीस दिवस पडणार होते. एक्स-रेची पुढची तारीख तेवढ्यानंतरची मिळते, हे काकूंनी हॉस्पिटलच्या खिडकीवर विचारून ठेवलं होतं. सरांनीही विचारलं होतं, काकूंच्या आधी. एकवीस दिवस कोणी फोटो काढणार नाही, कोणी काही सांगणार नाही. काकूंनी मात्र घास न् घास मिक्सरमधून काढायचा, सरांनी दोन घोटांत "पोट भरलं" म्हणायचं, आणि पट्ट्याला आणखी एक भोक पाडायचं. दोन महिन्यांत तीन पाडून झाली होती.

एक्स-रेच्या खोलीत टेक्निशियन पांढऱ्या घोळाचा ग्लास घेऊन उभा होता. "बेरियम सल्फेट आहे, सर. व्हॅनिलाचा वास घातलाय. मी सांगेन तेव्हा एकेक घोट घ्यायचा."

सरांनी ग्लासाकडे पाहिलंच नाही. त्याच्याकडे पाहिलं. "तू बुडबुड्या ना रे?"

टेक्निशियनचं टक्कल लाल झालं.

झालं, काकू मनात म्हणाल्या. आता हा माणूस वर्ग भरवणार.

भरलाच. "दोन पांढऱ्या भुकट्या दिल्या होत्या परीक्षेत," सर काकूंना सांगू लागले. "आम्ल घातल्यावर फसफसेल ती कार्बोनेट, ढिम्म राहील ती सल्फेट. हे महाशय फसफसत्या नळीसमोर उभे राहून लिहितात, 'बुडबुडे दिसले नाहीत.' शून्य दिलं मी. दहापैकी शून्य!"

"सर, बावीस वर्षं झाली त्याला."

"सल्फेट विरघळत नाही, म्हणून पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं. कार्बोनेट पोटातल्या आम्लात विरघळतं आणि माणूस जातो. उंदीर मारायला वापरायचे ते. आणि या ग्लासात काय आहे ते मला कोण सांगतंय? हा!"

"सीलबंद पाकीट येतं, सर. पाकिटावर छापलेलं असतं."

"जर्नलमध्ये तूही छानच अक्षरात लिहिलं होतंस."

सरांनी खिशातून व्हिनेगरची बाटली काढली. काकू कालपासून ती घरभर शोधत होत्या. दुसऱ्या खिशातून बशी निघाली. सरांनी बशीत चमचाभर घोळ घेतला, वर व्हिनेगर ओतलं, आणि तिघांची डोकी बशीवर वाकली. बशीत काही म्हणता काही हललं नाही.

"बुडबुडे दिसले नाहीत, सर," टेक्निशियन अगदी हळू म्हणाला.

"झालं समाधान?" काकूंनी विचारलं.

"व्हिनेगर फार सौम्य असतं. थोडं कोमट करून पाहिलं असतं तर—"

बाहेर नंबर लावून बसलेल्यांपैकी कोणीतरी दार ठोठावलं. काकूंची सकाळपासून धरून ठेवलेली सहनशक्ती त्या ठोक्याबरोबर सुटली.

"सल्फेट कसं असतं ते मला विचारा! चाळीस वर्षं एकाबरोबर संसार केलाय. कशात म्हणून विरघळत नाही."

टेक्निशियनला हसू फुटलं. ते त्याने गिळलं, आणि तेवढ्यात काकूंनी त्याच्या हातातला ग्लास घेऊन तोंडाला लावला. अर्धा रिकामा करूनच खाली ठेवला.

"अहो काकू! फोटो तुमचा नाहीये!"

"कार्बोनेट असलं तर किती वेळात कळतं?" काकूंनी सरांना विचारलं. त्यांच्या वरच्या ओठावर पांढरी रेघ उमटली होती.

"अगं, असा वेडेपणा कोणी—"

"किती वेळात?"

"अर्धा तास. फार तर एक."

"बसते. मी आडवी झाले तर पिऊ नका. नाही झाले तर उरलेलं प्यायचं. मग ते गार आहे, घट्ट आहे, काही ऐकायची नाही."

काकू स्टुलावर बसल्या. सर त्यांच्या ओठावरच्या रेघेकडे पाहत राहिले. अर्धा तास काही त्यांना निघाला नाही. दोन-तीन मिनिटांतच त्यांनी हात पुढे केला. "आण रे इकडे." त्या आवाजात रसायनशास्त्र अजिबात नव्हतं.

टेक्निशियनने सरांना यंत्रासमोर उभं केलं आणि काकूंना काचेपलीकडे, स्वतःच्या खुर्चीशेजारी बसवलं. नातेवाइकांना तिथे मनाई होती; काकू बाहेर थांबल्यात असंच सरांना वाटलं. "पण तुम्ही काय केलंत ते पाहता," तो पुटपुटला, "नजरेसमोरच बऱ्या." मग बटण दाबून माइकवर म्हणाला, "घोट घ्या, सर."

पडद्यावर पांढरी धार उतरली. गळ्यातून रुंद, ऐसपैस. छातीच्या मध्यावर आली आणि एकदम दोऱ्याएवढी झाली. खाली थेंब थेंब पडत होता, वर साचत होतं. टेक्निशियनने आणखी एक घोट घ्यायला लावला. तोही आधीच्यावर जाऊन बसला. हे समजायला काकूंना कुठलंही शास्त्र लागलं नाही.

स्पीकरमधून सरांचा आवाज आला. "बुडबुड्या, काय दिसलं?"

टेक्निशियनने काकूंकडे पाहिलं. काकू पडद्याकडे पाहत होत्या. त्याने बटण दाबलं.

"काही दिसलं नाही, सर. रिपोर्ट डॉक्टर देतील."



"तेव्हाही हेच लिहिलं होतंस."

"हो, सर."

"आज दहापैकी दहा. हिलाही हेच सांग."

काकूंच्या ओठावरची रेघ वाळून तिचा पापुद्रा झाला होता. ग्लास एकच होता. त्यांचा अर्धा केव्हाच खाली उतरला होता. सरांचा अजून पडद्यावर होता.